‘वॉटरशेड’ : पाणलोट की कलाटणी?

प्रश्न : कृषी खात्याच्या कामांत ‘वॉटरशेड’ म्हणजे पाणलोट. मग बातम्यांत ‘वॉटरशेड मोमेंट’ कुठून आला?
– एक वाचक, धडगाव

उत्तर : ब्रिटिश इंग्रजीत हा शब्द पाणी दुभागणाऱ्या डोंगरधारेचा, पाणलोट क्षेत्र हा अमेरिकी अर्थ. धडगावकरांना हे सातपुड्यातच दिसेल. धारेच्या उत्तरेला पडलेला पाऊस नर्मदेला मिळतो, दक्षिणेचा शहाद्याकडे उतरून गोमाईतून प्रकाशाजवळ तापीत जातो. धारेवर हातभर अंतराने पडलेले दोन थेंब दोन नद्यांचे होतात!

ज्या घटनेने पुढचा प्रवाहच बदलतो, तिला म्हणूनच ‘वॉटरशेड’ म्हणतात. मार्च १९९३ मध्ये नर्मदेवरील सरदार सरोवर धरणासाठीचे जागतिक बँकेचे उरलेले कर्ज भारताने सोडले, तो नर्मदाकाठच्या धरणविरोधी लढ्यातला असा क्षण.

किरकोळ बदलांना मात्र हा शब्द लावू नये.