खडकावरचे घर : स्ट्रक्चरल इंजिनिअरचे पाचारण



खडकावर घर बांधणारा शहाणा आणि वाळूवर बांधणारा मूर्ख, हा प्रभू येशूचा दाखला (मत्तय ७:२४-२७) आपणा सर्वांना ठाऊक आहे. पाऊस आणि वारा दोन्ही घरांवर सारखाच आला. फरक होता तो पायाचा, म्हणजे न दिसणाऱ्या भागाचा. हा न दिसणारा भाग ज्यांच्या हाती असतो, त्या स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या व्यवसायाची आज ओळख करून घेऊ.

काम काय असते?

इमारत कशी दिसावी हे आर्किटेक्ट ठरवतात; ती उभी कशी राहील हे स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवतात. प्रथम जमिनीची तपासणी पाहून पाया निश्चित होतो. मग भारांचा हिशेब : इमारतीचे स्वतःचे वजन, माणसे व सामान, वारा आणि भूकंप. हा भार स्लॅबवरून बीमवर, बीमवरून कॉलमवर आणि तेथून पायात कसा उतरेल हे पाहून प्रत्येक भागाचे माप व त्यातील सळ्या ठरतात. आकडेमोड आता संगणक करतो; पण उत्तर पटण्याजोगे आहे का, हे माणसालाच पाहावे लागते. जुन्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट हेही त्यांचेच काम.

शिक्षण

बारावी विज्ञाननंतर प्रवेश परीक्षा देऊन सिव्हिलची चार वर्षांची पदवी घ्यावी. किंवा दहावीनंतर डिप्लोमा करून पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळवावा. पुढे स्ट्रक्चरल विषयात दोन वर्षांचे एम. टेक. करता येते. त्यानंतर अनुभवी इंजिनिअरच्या हाताखाली काही वर्षे काम करणे आवश्यक. गणित व भौतिकशास्त्राची आवड हवी.

खरी कसोटी

अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या एका हॉटेलात दोन मजल्यांवरचे पूल छतापासून आलेल्या सलग सळ्यांना टांगायचे ठरले होते. काम सोपे व्हावे म्हणून सळ्यांचे दोन भाग केले आणि खालचा पूल वरच्या पुलाला टांगला. विहिरीत सोडलेल्या दोराला दोघे लटकले, तर प्रत्येकाची मूठ आपलेच वजन पेलते. पण खालच्याने वरच्याचे पाय धरले, तर वरच्याच्या मुठीवर दोघांचा भार येतो. तसेच झाले. हा बदल कुणी हिशेब करून तपासला नाही. १७ जुलै १९८१ रोजी दोन्ही पूल कोसळले आणि ११४ माणसे मरण पावली. जबाबदार इंजिनिअरांचे परवाने पुढे रद्द झाले.

शिलोहाचा बुरूज पडून मेलेली अठरा माणसे इतरांहून अधिक पापी नव्हती, असे प्रभूने सांगितले (लूक १३:४-५). इमारत पडते तेव्हा बळी जातो तो बहुधा चूक न केलेल्यांचा. म्हणून 'सळ्या थोड्या कमी करा', 'दुकानासाठी हा खांब काढा' असा आग्रह होतो, तेव्हा 'नाही' म्हणण्याचे धैर्य या व्यवसायात पदवीइतकेच मोलाचे आहे. इंजिनिअरची सही म्हणजे कधीही न भेटणाऱ्या शेजाऱ्याला दिलेले वचन आहे.

चिंतनासाठी

१. माझ्या कामातील कोणता भाग कुणाला दिसत नाही? तो मी किती प्रामाणिकपणे करतो?
२. पालकांनो, मुलांचा व्यवसाय निवडताना आपण पगाराबरोबर त्यातील जबाबदारीबद्दलही बोलतो का?