गोव्याचं तिकीट काढताना

मुंबई ते गोवा हवाई अंतर जेमतेम सव्वाचारशे किलोमीटर. तिकिटावर सव्वा-दीड तास लिहिलेला असतो आणि त्यातही विमान प्रत्यक्ष हवेत असतं ते साधारण तासभरच. उरलेला वेळ धावपट्टीकडे रांगेने जाण्यात आणि उतरल्यावर जागेवर लागण्यात जातो. कंपन्या तो धरूनच वेळ छापतात. मुंबईच्या जुन्या विमानतळावरच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, दोन्ही एकदम वापरता येत नाहीत. त्यामुळे गर्दीच्या वेळी विमानाला वरच घिरट्या घालाव्या लागतात. पुढे गाडी गाठायची असेल, तर छापील वेळेच्या भरवशावर राहू नका.

पण आमचा घात झाला तो जमिनीवर. काका-काकूंना घेऊन मडगावला लग्नाला गेलो होतो. तिकिटं एजंटने काढलेली, कागदावर ठळक अक्षरांत नुसतं ‘गोवा’. जाताना दाबोळीला उतरलो होतो, म्हणून परतीलाही टॅक्सी दाबोळीलाच नेली. दारावरच्या जवानाने कागद वाचला, एका बारीक ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘‘ये तो मोपा का है.’’ विमानाला दोन तास होते. झुआरीचा पूल, पणजी, मांडवी, म्हापसा, मग पेडणे. साठ किलोमीटरच्या वर रस्ता. सुटायच्या तासभर आधी काउंटर बंद होतो. आम्ही पोचलो तेव्हा तिथे कुणीच नव्हतं. सुजलेले पाय घेऊन काकू खुर्चीत बसून राहिल्या, आणि नव्या तिकिटांचे पैसे मोजण्यापेक्षा ते बघणं मला जड गेलं.

मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३मध्ये सुरू झाला. नौदलाच्या तळावरचं दाबोळीही चालूच आहे. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. शेवटचं एकच अक्षर वेगळं, तेव्हा जाताना आणि येताना, दोन्हीकडचा कोड स्वतः वाचा. मडगाव, काणकोणला जाणाऱ्यांनी दाबोळी बघावं. पेडणे, म्हापसा, बांदा, सावंतवाडीकरांना मोपाच बरं.

आणि हिशेब दारापासून दारापर्यंतचा करा. बोरिवलीहून विमानतळ एक तास, तिथे दोन तास आधी, विमानाचे दीड, सामानाला अर्धा, मोपाहून मडगावला दोन. झाले सात! पावसाळा सोडला तर सीएसएमटीहून वंदे भारत पावणेआठ तासांत मडगावला नेते. वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी आता आधी रेल्वेच बघतो.

डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईचाही विमानतळ सुरू झालाय, म्हणजे तिकिटावरची ‘मुंबई’सुद्धा तपासायला हवी. वाशी-पनवेलच्या लोकांची त्याने मोठी सोय झाली. बोरिवली-विरारकडच्यांनी मात्र भाडं स्वस्त दिसलं, तरी टॅक्सीचे पैसे आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरचा वेळ त्यात मिळवून मगच तिकीट काढावं.