जुनी पिकअप गाडी रोजच्या वापरास सुखकर कशी करावी?

महाड व पोलादपूर तालुक्यांत बैलगाडीचे काम आता बहुतांशी लहान पिकअप गाडी करते. भात, नाचणी, आंबा, खते, पेंढा ही सर्व ने-आण तीवरच होते. नवी गाडी घेण्याची ऐपत प्रत्येकास नसते. म्हणून आठ-दहा वर्षे वापरलेली गाडी घेण्याकडे पुष्कळ शेतकरी बंधूंचा कल असतो. अशी गाडी ओझे वाहण्यास समर्थ असली, तरी ती रोज चालविणाऱ्याच्या पाठीस, मानेस व कानांस त्रास होतो.

हा प्रश्न केवळ सुखसोयीचा नव्हे. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरास जाताना सुमारे ४० किलोमीटरांत रस्ता बाराशे मीटरांहून अधिक चढतो. परतीच्या उतारावर पाऊस व धुके असताना थकलेल्या चालकाची क्षणभराची गफलतही जिवावर बेतू शकते. यास्तव चालकाचा थकवा कमी करणे हा गाडीच्या निगेचाच एक भाग समजावा.

रिकामी गाडी का उसळते?

मागील पाटे पूर्ण भाराच्या हिशेबाने बसविलेले असतात. हौदा रिकामा असता ते पुरेसे वाकत नाहीत व रस्त्याचा प्रत्येक हादरा बैठकीपर्यंत पोहोचतो. बसलेल्या माणसाच्या शरीरास सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारी उभी कंपने सर्वांत अधिक जाचतात.

यावर उपाय म्हणून काही जण एखादा पाटा काढून टाकतात. तसे कदापि करू नये. उरलेल्या पाट्यांवर ताण वाढून ते भाराखाली तुटतात, गाडी मागे बसते व पुढील दिव्यांचा झोत वर जाऊन समोरच्याचे डोळे दिपतात. शिवाय काही गाड्यांत मागील ब्रेकचा जोर हौद्यावरील भार पाहून कमी-अधिक करणारी झडप असते. पाटे बदलले की त्या झडपेचा अंदाज चुकतो.

सुधारणेचा क्रम

१. टायर : टायर थंड असताना, उत्पादकाने दाराजवळील पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणानेच हवा भरावी. प्रमाणाबाहेर हवा भरल्यास गाडी अधिक उसळते व ओल्या रस्त्यावर पकड घटते. टायरच्या बाजूवरील चार अंक त्याचे वय सांगतात. '३२१९' म्हणजे २०१९ सालचा ३२ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी भेगा पडलेला टायर पावसाळ्यापूर्वी बदलावा.

२. शॉकअब, बुश व पाटे : गळका शॉकअब जोडीनेच बदलावा. पाट्यांचे झिजलेले बुश नवे बसवावेत, पाट्यांमधील चिखल व गंज काढावा आणि सैल बोल्ट आवळून घ्यावेत. पुष्कळदा एवढ्यानेच निम्मा खडखडाट थांबतो.

३. बैठक : दबलेला फोम काढून दाट फोम भरावा व कमरेच्या खोलगट भागास आधार ठेवावा. क्लच पूर्ण दाबला असता गुडघा किंचित वाकलेला राहावा आणि पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेस पोहोचावे. सीटबेल्टची मूळ जागा मात्र हलवू नये.

४. आवाज व ओल : दारांचे फाटलेले रबर बदलावे व पायाखाली जाड रबरी चटई घालावी. गोणपाट चिकटवू नये. कोकणच्या दमट हवेत ते ओल धरते व खालचा पत्रा गंजतो. पाणी निचरण्याची भोके मोकळी ठेवावीत.

५. दृष्टी : मे महिन्याच्या अखेरीस वायपरचे रबर बदलावे, काचेवरील वाफ घालविणारा पंखा चालू करून पाहावा व दिव्यांच्या काचा घासून घ्याव्यात. जुन्या वायरिंगवर अधिक वॅटचे दिवे लावल्यास वायर तापून जळण्याचा धोका असतो.

ब्रेक आधी, गादी नंतर

हाती पैसा बेताचा असल्यास प्रथम ब्रेकवर खर्च करावा. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते. लांब उतारावर ते तापून त्यात वाफ झाली, की पेडल मऊ पडते. म्हणून ते साधारणतः दोन वर्षांनी बदलावे. घाट उतरताना खालचा गिअर ठेवावा. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडू नये.

जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर व परिसरातील असंख्य वाहने पाण्याखाली गेली होती. या भागातील जुनी गाडी घेताना बैठकीखालील पट्ट्या गंजल्या आहेत काय, हे पाहावे. गिअरबॉक्स व मागील आसाचे तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे असे समजावे.

कायद्याची मर्यादा

झिजलेल्या भागाच्या जागी त्याच प्रतीचा भाग बसविणे ही दुरुस्ती होय. परंतु गाडीची मूळ रचना बदलणे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार नियमबाह्य बदलास, दर बदलामागे, ५,००० रुपये दंडाची किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाल्यावर योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते. त्या तपासणीपूर्वीच वरील कामे उरकणे सोयीचे पडते.

लावणीच्या दिवसांत मजुरांना हौद्यात बसवून नेण्याची प्रथा दिसते. ती सर्वस्वी टाकावी. हौदा मालासाठी आहे. तेथे बसण्यास आसन नाही, धरण्यास आधार नाही.

बैलगाडीच्या आसाला वेळेवर वंगण दिले, तर बैलांचे श्रम वाचत. पिकअपच्या बाबतीत श्रम वाचतात ते चालविणाऱ्याचे. ही कामे मृगापूर्वी उरकून घ्यावीत, म्हणजे ऐन हंगामात गाडी व चालक दोघेही साथ देतील.