बंदिवासातील गरुडांची वीण

पाळीव पक्ष्यांची वीण घडवून आणणे मनुष्यास प्राचीन काळापासून साधलेले आहे. कोंबडी, बदक, कबूतर हे पक्षी खुराड्यात राहूनही अंडी घालतात, ती उबवितात आणि पिलांना वाढवितात. गरुडाची गोष्ट निराळी आहे. ससाणे व गरुड यांना शिकारीसाठी शिकविण्याची विद्या कित्येक शतकांची जुनी आहे. परंतु त्यासाठी लागणारे पक्षी रानातूनच धरून आणावे लागत. गरुडाची वीण बंदिवासात नियमितपणे घडवून आणणे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच शक्य झाले. हे कार्य इतके अवघड का ठरले आणि ते कोणत्या उपायांनी साधले, याचा विचार आपण या पाठात करू.

अडचणीचे मूळ

पहिली अडचण गरुडाच्या जीवनक्रमातच आहे. तो दीर्घायुषी पक्षी आहे आणि म्हणूनच त्याची वीण अतिशय मंद असते. सोनेरी गरुड सर्वसाधारणपणे चार-पाच वर्षांचा झाल्यावर विणीस योग्य होतो व मादी बहुधा दोन अंडी घालते. फिलिपाइन गरुडाची मादी तर एका विणीत एकच अंडे घालते, आणि ते पिलू वाढविण्यात गुंतल्यामुळे जोडप्याची पुढील वीण साधारणतः दोन वर्षांनी होते. एक अंडे वाया गेले म्हणजे किती मोठी हानी होते, हे यावरून ध्यानात येईल.

दुसरी अडचण जोडी जमविण्याची. गरुडांमध्ये मादी नरापेक्षा मोठी व बलवान असते. तिला नर पसंत नसेल तर ती त्याच्यावर तुटून पडते, आणि पिंजऱ्यात पळून जाण्यास जागा नसल्यामुळे नर प्राणासही मुकतो. म्हणून प्रथम दोघांना शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत ठेवतात. मधल्या जाळीतून ती एकमेकांना पाहतात. दोघे जाळीजवळ येऊन बसू लागली, घरट्यासाठी काटक्या उचलू लागली, म्हणजेच मधले दार उघडतात. पिंजऱ्याच्या बाजू झाकलेल्या ठेवतात व अन्न एका नळीवाटे आत सोडतात, कारण माणसांच्या वर्दळीने बिथरलेली जोडी अंडी टाकून देते.

बालपणाचा ठसा

तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ कोनराड लोरेंझ यांनी १९३०च्या सुमारास हंसवर्गीय पक्ष्यांच्या पिलांचे निरीक्षण करून दाखवून दिले, की अंड्यातून बाहेर पडलेले पिलू जे हलते शरीर प्रथम पाहते, त्यालाच आपली आई मानते. हा ठसा सहसा पुसला जात नाही. गरुडाचे पिलू माणसाच्या हातून चारा खाऊन वाढले, तर तेही माणसालाच आपल्या जातीचे समजू लागते. वयात आल्यावर ते आपल्या जातीच्या जोडीदाराकडे पाठ फिरवते आणि रखवालदारापुढे प्रणयाराधन करू लागते. अशा पक्ष्यापासून वीण कशी मिळावी?

शास्त्रज्ञांनी याच दोषाचा उपयोग करून घेतला. जो नर रखवालदाराला जोडीदार मानतो, तो त्याच्या हातावर किंवा त्यासाठी केलेल्या आसनावर आपण होऊन वीर्य देतो. ते गोळा करून मादीच्या अंडवाहिनीत सोडता येते. यास कृत्रिम रेतन म्हणतात. येथे वेळेला फार महत्त्व आहे. पक्ष्यांच्या अंड्याचे फलन अंडवाहिनीच्या वरच्या टोकाशी होते. त्यानंतर बलकाभोवती पांढरा भाग व कवच चढते. कवच चढलेल्या अंड्यात शुक्रपेशी शिरू शकत नाहीत. म्हणून मादीच्या हालचालींवरून अंड्याचा दिवस आधीच ओळखावा लागतो. एकच अंडे घालणाऱ्या जातीत चुकलेली वेळ म्हणजे वाया गेलेला हंगाम होय.

‘पाग-आसा’

फिलिपाइन गरुड हा जगातील सर्वांत मोठ्या गरुडांपैकी एक आहे. तो केवळ त्या द्वीपसमूहातील काही बेटांवरच आढळतो. पूर्वी त्यास ‘माकडखाऊ गरुड’ म्हणत. १९७८ साली शासनाने त्याचे नाव बदलले आणि १९९५ साली तो राष्ट्रीय पक्षी ठरला. जंगले तुटल्यामुळे व बंदुकीच्या शिकारीमुळे तो नामशेष होण्याच्या मार्गाला लागला होता. मिंदानाओ बेटावरील दावाओ शहराजवळ मालागोस येथे त्याच्या विणीचे केंद्र उभारण्यात आले. तेथे कित्येक वर्षांच्या अपयशानंतर १५ जानेवारी १९९२ रोजी कृत्रिम रेतनापासून झालेले पहिले पिलू जन्मास आले. त्याचे नाव ‘पाग-आसा’, म्हणजे आशा, असे ठेवण्यात आले.

पाग-आसा माणसांच्या हातीच वाढला. त्यामुळे त्यालाही रखवालदाराचाच लळा लागला आणि त्याच्यापासून संतती मिळण्यास २०१३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी कृत्रिम रेतनानेच त्याची कन्या ‘माबुहाय’ जन्मली. ६ जानेवारी २०२१ रोजी, वयाची एकोणतीस वर्षे पुरी होण्यास काही दिवस उरले असता, तो मरण पावला. त्याला रानात कधीच सोडता आले नाही.

अंडे व पिलू

फिलिपाइन गरुडाचे अंडे सुमारे दोन महिने उबवावे लागते. उबवणी यंत्रात ठेवलेल्या पक्ष्यांच्या अंड्यांस सर्वसाधारणपणे ३७ ते ३८ अंश सेल्सिअस उष्णता देतात व ती वारंवार फिरवितात. न फिरविल्यास गर्भ कवचाच्या आतील पापुद्र्यास चिकटतो. कवचाच्या छिद्रांतून पाण्याची वाफ बाहेर जाते व पिलू निघेपर्यंत अंड्याचे वजन सुमारे पंधरा टक्क्यांनी घटते. ही घट फार झाल्यास गर्भ वाळतो, कमी झाल्यास पिलाला श्वासासाठी अंड्यात पुरेशी हवा राहत नाही. म्हणून अंड्याचे वजन नियमाने करून यंत्रातील आर्द्रता कमी-अधिक करतात.

पिलू बाहेर आले, की त्याच्यावर माणसाचा ठसा उमटू नये अशी दक्षता घ्यावी लागते. चारा देणारा पडद्याआड उभा राहतो व गरुडाच्या डोक्यासारखा मोजा हातात घालून मांसाचे तुकडे भरवितो. शक्य असेल तेथे पिलू गरुडाच्या जोडीच्याच हवाली करणे सर्वांत उत्तम.

अंड्यांची संख्या वाढविण्याचीही एक युक्ती आहे. पहिली अंडी लवकर काढून घेतल्यास पुष्कळ जोड्या त्याच हंगामात पुन्हा अंडी घालतात. अमेरिकेत मेरीलँड राज्यातील पॅटक्सेंट येथे १९७६ ते १९८८ या काळात या युक्तीचा उपयोग करून पांढऱ्या डोक्याच्या गरुडाची १२४ पिले निपजविण्यात आली. त्यांतील काही रानातील गरुडांच्या घरट्यांत ठेवण्यात आली. काहींना उंच मचाणावरील पेटीत ठेवून, माणूस दिसू न देता अन्न पुरवून, पंख सशक्त होताच मोकळे करण्यात आले.

वीण झाली, पुढे काय?

पिलू जन्मले म्हणजे कार्य संपले असे नाही. बंदिवासात जन्मलेला ‘काबायान’ नावाचा फिलिपाइन गरुड २००४ साली आपो पर्वताच्या रानात सोडण्यात आला. पुढच्याच वर्षी विजेच्या धक्क्याने तो मेला. त्याला उडता येत होते. परंतु खांब आणि वृक्ष यांतील भेद त्याला कोणी शिकविला नव्हता.

याउलट अमेरिकेचा अनुभव पाहा. तेथील मुख्य भूभागातील अठ्ठेचाळीस राज्यांत १९६३ साली पांढऱ्या डोक्याच्या गरुडाच्या केवळ ४१७ जोड्या उरल्या होत्या. डी. डी. टी. हे कीटकनाशक माशांच्या द्वारे गरुडांच्या शरीरात साठून अंड्यांची कवचे पातळ होत आणि ती उबविताना फुटत. १९७२ साली त्या द्रव्याच्या सर्वसाधारण वापरावर बंदी आली आणि २००७ साली तो पक्षी संकटग्रस्त जातींच्या यादीतून वगळण्यात आला. बंदिवासातील विणीने या कामी हातभार लावला हे खरे. पण मूळ कारण दूर झाले नसते, तर सोडलेल्या पक्ष्यांची अंडीही तशीच फुटली असती.

आपल्या देशात गिधाडांच्या बाबतीत हाच धडा मिळाला आहे. हरियाणातील पिंजोर येथे त्यांची वीण यशस्वी झाली; परंतु गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध त्यांच्या नाशास कारण असल्याचे सिद्ध झाल्यावर २००६ साली गुरांसाठी त्याचा वापर बंद करावा लागला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पिंजरा, यंत्र आणि रखवालदाराची चिकाटी यांच्या बळावर आपण जातीचे बीज जतन करू शकतो. ते बीज रुजण्यासाठी मात्र अरण्य राखावे लागते. फिलिपाइन गरुडाच्या एका जोडीला कित्येक हजार हेक्टर रान लागते; तेवढे रान कोणत्याही पिंजऱ्यात मावणार नाही.