नडगीचे दुखणे आणि धावण्याचे बूट

वार्षिक क्रीडास्पर्धा जवळ आल्या, की आपल्या बडोद्यातील मुले डांबरी रस्त्यावर एकाएकी धावू लागतात आणि थोड्याच दिवसांत नडगीची आतली कड ठणकू लागते. १९१९ साली पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत सर दोराबजी टाटांनी अनवाणी धावणारे शेतकरी पाहिले होते. त्यांचे पाय जन्मभराच्या सवयीने तयार झालेले. आपले तसे नाहीत. म्हणून बूट पारखून घ्यावेत, असे आम्ही सुचवतो.

दिवसभरात पाय किंचित फुगतात, यास्तव खरेदी सायंकाळी करावी. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी. टाच आत सरकू नये. दुकानातच थोडे धावून पाहावे. किमतीपेक्षा पायाला वाटणारे सुख मोलाचे. सुमारे ५०० ते ८०० किलोमीटर धावल्यावर तळ दबतो. मग बूट बदलावेत.

तथापि बूट हा केवळ साहाय्यक होय. अंतर हळूहळू वाढवावे, शक्य तेव्हा मातीवर धावावे. एकाच ठिकाणी तीव्र कळ येत असेल किंवा विश्रांतीतही दुखत असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. अशा वेळी डॉक्टरांकडे जावे. विद्यार्थिमित्रहो, दुखणे लपवून शर्यतीत उतरणे हे शौर्य नव्हे.