टाकाऊ डब्यांतील रोपवाटिका

(इयत्ता 3 री व 4 थीसाठी परिसर अभ्यासाचा प्रत्यक्ष पाठ)

खेड्यातील मुलाला पेरणी नवी नसते. तिफणीमागे चालणारी आई त्याने पाहिलेली असते, वाफ्यातली रोपे उपटून दुसरीकडे लावताना त्याने हातभारही लावलेला असतो. परंतु शेतात हजारो बिया एकाच वेळी मातीआड होतात. त्यांपैकी एकीचे पुढे काय झाले, असे कोणी विचारीत नाही. शाळेतील डब्यात मात्र दहाच बिया असतात आणि त्या दहांचा हिशेब द्यावा लागतो. परसबागेसाठी रोपे मिळणे हा या पाठाचा लाभ खराच. पण जे घडले त्याचे कारण शोधण्याची सवय मुलाला लागावी, हा त्याचा मुख्य उद्देश होय.

साहित्य

फुटके मडके, नारळाची करवंटी, पत्र्याचा डबा, दुधाची वा गोडेतेलाची रिकामी पिशवी, पाण्याच्या बाटलीचा कापलेला खालचा भाग, यांपैकी काहीही चालते. भांडे निदान चार बोटे खोल असावे. तेलकट भांडी राख किंवा साबण लावून गरम पाण्याने धुवावीत. पत्र्याच्या कडा ठोकून बोथट करणे आणि बुडाला तीन-चार भोके पाडणे ही कामे शिक्षकाने स्वतः करावीत.

एका बाबतीत मात्र कसलीही सवलत देऊ नये. कीटकनाशकाचा वा तणनाशकाचा डबा कितीही धुतला तरी या कामी वापरू नये. अशा डब्यावरील चिठ्ठीवर टोकावर उभा केलेला एक चौकोन छापलेला असतो व त्याच्या खालच्या अर्ध्या भागात तांबडा, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो. ही खूण फळ्यावर काढून मुलांना ओळखावयास शिकवावी. असा डबा दिसल्यास त्याला हात न लावता मोठ्या माणसाला सांगावे, हेही शिकवावे. एखाद्या मुलाने तो आणलाच तर त्याला वर्गासमोर रागावू नये. डबा शिक्षकाने आपल्या ताब्यात घ्यावा, मुलाला साबणाने हात धुण्यास लावावे आणि त्याच्या पालकांची गाठ घ्यावी. त्या घरी असाच दुसरा डबा पिण्याच्या पाण्यासाठी वापरात असण्याचा संभव असतो.

पेरणी

एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत व एक भाग वाळू असे मिश्रण करावे. ताजे शेण घालू नये. त्याच्या उष्णतेने कोवळी मुळे जळतात. भोकांवर खापरीचे तुकडे ठेवून भांडे काठाखाली एक बोट रिकामे राहील असे भरावे. टोमॅटो, वांगी व मिरची यांचे बी या पाठाला उत्तम, कारण त्यांची रोपे काढून दुसरीकडे लावता येतात. मेथी, मुळा व भेंडी जागीच पेरावीत. दुधी, दोडका व काकडी यांची मुळे हलविलेली सोशीत नाहीत. म्हणून त्यांचे बी पळसाच्या पानाच्या द्रोणात लावून पुढे द्रोणासकट जमिनीत ठेवावे.

बी त्याच्या जाडीच्या दुपटी-तिपटीइतकेच खोल पुरावे. बाजारच्या पुडीतील बियांना गुलाबी वा निळसर रंग दिसला तर त्यांवर औषध चोळलेले असते. असे बी शिक्षकाने स्वतः पेरावे. घरी राखून ठेवलेले बी मिळाल्यास ते मुलांच्या हातून पेरावे. प्रत्येक भांड्यावर मुलाचे नाव, भाजीचे नाव व तारीख लिहावी.

पाठाचा विकास

मुलांच्या भांड्यांबरोबर शिक्षकाने आपली तीन भांडी मांडावीत. पहिले नेहमीसारखे असावे. दुसऱ्याला बुडाशी भोक नसावे. तिसरे कपाटात अंधारात ठेवावे. तिन्हींना रोज सारखेच पाणी घालावे आणि पुढे काय होईल ते मुलांना आधी वहीत लिहावयास लावावे. टोमॅटोचे बी साधारणपणे 5 ते 8 दिवसांत वर येते. मिरचीला त्याहून अधिक दिवस लागतात. अंधारातले रोप उंच पण पिवळे व लुळे होते, तेव्हा उंची म्हणजे जोम नव्हे, हे मुले आपण होऊन सांगतात. बिनभोकाच्या डब्यात पाणी साचून बी कुजते, किंवा रोप उगवूनही बुंध्याशी काळे पडून कोलमडते.

या पाठातील अवघड प्रसंग याच सुमारास येतो. शेजारच्या मुलीच्या डब्यात आठ रोपे डोलत असतात आणि एका मुलाच्या डब्यात एकही नसते. तो मुलगा डब्याजवळ जाण्याचे टाळू लागतो. अशा वेळी शाळा सुटल्यावर गुपचूप दुसरे रोप त्याच्या डब्यात लावून ठेवण्याचा मोह शिक्षकाला होतो. तो कटाक्षाने टाळावा. त्याने मुलाचे समाधान होईल, पण पाठ खोटा होईल.

त्याऐवजी तो डबा वर्गाच्या मध्यभागी आणून कागदावर पालथा करावा व माती काडीने उकरून बिया शोधाव्यात. बी फुगून मऊ झालेले सापडले तर पाणी अधिक झाले. बी पेरले तसेच कोरडे असेल तर ओल पोचली नाही. मोड येऊन तो मातीतच वाकलेला असेल तर बी फार खोल गेले. बी मुळीच सापडले नाही तर बहुधा मुंग्यांनी नेले. पुढील खेपेस भांडे विटेवर ठेवून भोवती राखेचे कडे करावे. बी चांगले दिसूनही उगवले नसेल तर ते जुने असण्याचा संभव आहे; त्याच पुडीतील दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून पुन्हा पाहाव्यात. कारण सापडले की त्याच मुलाकडून त्याच दिवशी फेरपेरणी करवावी. ज्याचा डबा रिकामा राहिला, त्याच्याकडूनच त्या दिवशी सारा वर्ग शिकलेला असतो.

लावणी व मूल्यमापन

रोपांना चार-पाच पाने आली की, म्हणजे टोमॅटोच्या बाबतीत सुमारे 25 ते 30 दिवसांनी, ती परसबागेत लावावीत. आधीचे पाच-सहा दिवस पाणी थोडे कमी करून ऊन वाढवावे, म्हणजे रोपे काटक होतात. लावणी सायंकाळी करावी व लगेच पाणी द्यावे. जूनअखेर पेरल्यास जुलैअखेर लावणी होते आणि दिवाळीच्या सुट्टीच्या सुमारास फळ हाती येऊ लागते. सुट्टीत पाणी कोण घालणार, ते मात्र आधीच ठरवावे.

मूल्यमापन करताना किती रोपे आली, यावर गुण देऊ नयेत. जितकी आली तितकीच का आली, हे जो मुलगा किंवा जी मुलगी आपल्या वहीच्या आधारे सांगू शकेल, त्या मुलाला हा पाठ समजला असे मानावे.