तांब्यावर प्रभूचं नाव, सोन्यावर माझं?

आजचं वाचन: मार्क 12:13-17

नाण्यावर चेहरा कोणाचा, नाव कोणाचं, असं प्रभू येशूने विचारलं. उत्तर आलं, कैसराचं. पण नऊशेहून जास्त वर्षांनी, इ.स. 970 च्या सुमारास, त्याच रोमी साम्राज्याच्या पूर्वेकडच्या राजधानीत, काँस्टँटिनोपलमध्ये, तांब्याचं एक नाणं निघालं. त्यावर सम्राटाचं नावच नाही!

चला, वाचून बघू. पुढे प्रभूचा चेहरा. शेजारी ‘आयसी’, ‘एक्ससी’ अशी अक्षरं दिसतात. इंग्रजी समजून वाचलं तर फसाल. ही ग्रीक अक्षरं आहेत: ‘सी’ म्हणजे स, ‘एक्स’ म्हणजे ख. येशू आणि ख्रिस्त, दोन्ही नावांचं फक्त पहिलं आणि शेवटचं अक्षर. वरची आडवी रेघ म्हणजे शब्द छोटा केल्याची खूण. मागच्या बाजूला चार ओळींत लिहिलंय: येशू ख्रिस्त, राजांचा राजा. भाषा ग्रीक, पण काही अक्षरं लॅटिन वळणाची.

छान ना? पण थांबा. तेव्हाचा सम्राट योहान (पहिला) आधीच्या सम्राटाच्या खुनात सामील होऊन गादीवर बसला होता. आणि त्याच्या सोन्याच्या नाण्यांवर त्याचं स्वतःचं नाव होतंच.

आपलंही असंच होतं का? रविवारची उपासना, स्टेटसवरचं वचन, हे तांबं प्रभूला. करिअर, पगार, नाती, त्या सोन्यावर मात्र माझंच नाव.

प्रभू, माझ्या सोन्यावरही तुझं नाव असू दे. आमेन.